जोयड्याच्या शाळेतला हत्ती

घरात एक भाषा आणि उंबऱ्याबाहेर दुसरी, हा संसार आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना नवा नाही. आजोबा-पणजोबांनी देवघरात आणि माजघरात मराठी ठेवली, बाजारहाट गुजरातीत केला, आणि नातवंडांनीही तोच शिरस्ता चालविला. 'बा' अशी हाक मारली तर मराठी खेड्यात बाप ओ देतो आणि इथल्या पोळात आई, ही गंमत आपण लहानपणीच शिकलो. त्यामुळे दोन भाषांत वाढणारे मूल म्हणजे काही विशेष, असे आपल्याला वाटत नाही. परंतु शहरातल्या बऱ्या घरच्या मुलाने शेजाऱ्याची भाषा खेळता खेळता उचलणे निराळे. आणि रानातल्या वाडीवरून कोसभर चालत आलेल्या सहा वर्षांच्या पोराने, एकही शब्द ओळखीचा नाही अशा वर्गात दिवस काढणे निराळे. हा दुसरा प्रकार पाहावयाचा असेल, तर उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात जावे. गेल्या हिवाळ्यात कारवारकडील आप्तांच्या निमित्ताने मला तो योग आला आणि तिथल्या दोन-तीन लहान शाळांत, मागच्या बाकावर, काही दिवस बसावयास मिळाले. तिथे जे ऐकले आणि पाहिले, त्यावरून भाषा शिकविणे म्हणजे काय याचा थोडा विचार सुचला. तो वाचकांपुढे ठेवतो.

रानातला तालुका

बेळगावहून खानापूर, लोंढा, रामनगर असे करीत, काळी नदीवरील गणेशगुडीचे धरण मागे टाकून जोयड्यास जाता येते. कारवारहून यावे तर अणशीचा घाट चढावा लागतो. तालुक्याचे जुने ठाणे सुपे. ते गाव १९८० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेले, कचेऱ्या जोयड्यास आल्या आणि कित्येक कुटुंबे रामनगरच्या नव्या वसाहतीत गेली. जुनी माणसे अजून 'सुपे तालुका' असेच म्हणतात. तालुक्याचा विस्तार १,९०० चौरस किलोमीटरांच्या आसपास आणि वस्ती अवघी ५० हजारांच्या आसपास. बाकी सारे अरण्य. त्यातला मोठा भाग २००७ साली व्याघ्रप्रकल्पात गेला. २०१५ पासून त्याला काळी नदीचेच नाव आहे.

एवढ्या विरळ वस्तीत भाषा मात्र दाट आहेत. सर्वांत जुने आणि संख्येने मोठे ते कुणबी. आपले पूर्वज गोव्याकडून घाट चढून आले असे ते सांगतात. पूर्वी ते रान जाळून 'कुमरी' शेती करीत. इंग्रजी अमलात जंगलखात्याने ती आवळत नेली. त्यांची बोली कोकणी. म्हशी पाळणारे धनगर गवळी मराठीची एक जुनी बोली बोलतात. आफ्रिकेतून पोर्तुगीजांच्या काळी आणलेल्या लोकांचे वंशज असे सिद्दी, त्यांच्या तोंडी कोकणीवर उभी असलेली आणि मराठी-कन्नड शब्दांनी भरलेली बोली. सुपारीच्या बागा करणारे हव्यक ब्राह्मण हविगन्नड बोलतात, आणि ती शाळेच्या कन्नडहून पुष्कळच वेगळी आहे. रामनगर, जगलबेटकडे मराठी घरे आहेत. गोव्याच्या सरहद्दीवर कॅसलरॉकचे स्टेशन आहे. १८८८ साली मार्मागोव्याचा रेल्वेमार्ग पुरा झाला तेव्हापासून तिथे नाना मुलखांतली रेल्वेची माणसे राहून गेली. शिवाय उळवीला चन्नबसवण्णांची समाधी आहे; तिथल्या माघातल्या जत्रेस धारवाड-बेळगावकडचे लिंगायत भाविक बैलगाड्या जोडून येतात आणि काही दिवस रानात शुद्ध उत्तरेकडची कन्नड घुमते.

हा जिल्हा १८६२ पासून मुंबई इलाख्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला; १९७३ पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक. त्या वेळचे वाद आणि ठराव आपल्या वाचकांना ठाऊक आहेत. त्यांत मी शिरत नाही. वर्गात बसलेल्या मुलाला त्या वादांचा पत्ता नसतो. त्याच्यापुढे एवढीच अडचण असते, की गुरुजी बोलतात ते काय.

शब्द तोच, चित्र वेगळे

एका शाळेतले गुरुजी धारवाडकडचे, काळ्या रानातले. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी फळ्यावर 'हत्ति' असा शब्द लिहिला आणि मुलांना त्याचे चित्र काढावयास सांगितले. कन्नडात हत्ति म्हणजे कापूस. त्यांच्या गावी दारापासून क्षितिजापर्यंत कापूसच. याहून सोपा शब्द तो कोणता? पोरांनी पाट्या पुढे केल्या, तर झाडून साऱ्या पाट्यांवर सोंडा आणि सुळे! कापसाचे झाड त्या मुलांनी जन्मात पाहिले नव्हते. हत्ती मात्र त्यांच्या भातशेतीत उतरतो आणि रात्री बापाला डबे वाजवीत जागे राहावे लागते. बरे, हत्तीला कन्नड शब्द 'आने'. तो ऐकून मराठी घरातल्या म्हाताऱ्याला रुपयाचे सोळा आणे आठवतील!

अशा जोड्यांची यादी करावी तेवढी थोडी. कन्नडात 'मर' म्हणजे झाड. आपल्याकडे ती शिवी, निदान शाप. झाडाच्या चित्रावर छडी ठेवून गुरुजी 'मर, मर' म्हणू लागले म्हणजे नव्या पोराच्या मनात काय येत असेल? 'तायि' म्हणजे आई. मराठी घरातले मूल ताईला शोधते. त्यातही मौज अशी, की त्याच तालुक्यात हव्यकांच्या कित्येक घरी आईला 'आयी' म्हणूनच हाक मारतात. 'नायि' म्हणजे कुत्रा. आणि मुलाने 'नाय' म्हणून मान हलविली, म्हणजे 'कुठे आहे कुत्रा?' असा गुरुजींना प्रश्न पडतो. 'बा' म्हणजे ये. बडोद्यातली आई आणि कोकणातला बाप, दोघेही इथे हाकेसरशी जवळ येतात. दुपारी जेवणाला 'ऊट' म्हणतात. पोरांना 'ऊठ' ऐकू येते आणि ती उठतात. या एका शब्दावर मात्र दोन्ही भाषांचे एकमत झाले आहे.

वाचकांना हे विनोद वाटतील, आणि ते आहेतही. पण हत्तीच्या गोष्टीत विनोदापलीकडचे काही आहे. 'हत्ती'चा अर्थ कापूस, हे मुलाला एका मिनिटात सांगता येते. कापूस ज्या मुलखातला आहे त्या मुलखातली ऊन, काळी माती, वेचणीला जाणाऱ्या बाया, गाठोडी, हुबळीचा बाजार, हे त्या मिनिटात सांगता येत नाही. आणि उलट बाजूने, रात्री मचाणावर बापाशेजारी बसून हत्तीची चाहूल घेणे काय असते, ते गुरुजींना कुठल्याच पुस्तकात मिळत नाही. भाषेच्या वर्गात दोन शब्दकोश समोरासमोर येतात असे आपण समजतो. येतात ते दोन मुलूख.

पंचवीस की बावन्न?

अंकांची गोष्ट घ्या. आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. कन्नडात 'इप्पत्तैदु', म्हणजे आधी वीस, मग पाच. लिहितानाही तोच क्रम. कोकणी-मराठी घरातून आलेले मूल पंचवीस ऐकले की पुष्कळदा आधी पाच लिहिते, मग दोन, आणि होतात बावन्न. आपल्या 'एकोणतीस'ची तर बातच वेगळी: तीसला एक कमी, हे वजाबाकी येण्यापूर्वीच पोराने समजून घ्यावयाचे. कन्नडात ते 'इप्पत्तोंबत्तु', सरळ वीस आणि नऊ. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत जोडून दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! मराठी बुडाली असे पुष्कळांना वाटले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी तेव्हा दक्षिणेकडील भाषांकडे बोट दाखविले होते. जोयड्याच्या वर्गात बसले म्हणजे त्यांच्या म्हणण्याचा अर्थ डोळ्यांपुढे उभा राहतो. इथे मूल गणितात चुकत नसते. ते एका भाषेत ऐकत असते आणि दुसरीत लिहीत असते.

उच्चारांतही तीच गत. कन्नडात ए आणि ओ ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही. 'कोडु' आखूड म्हटला तर 'दे', लांबविला तर 'शिंग'. मराठी कानाला हा भेद ऐकूच येत नाही, कारण आपल्या लिपीत त्याला वेगळे चिन्ह नाही. मुलाने पेन्सिल मागावी आणि गुरुजींना शिंग ऐकू यावे, असा हा प्रकार.

'तू' म्हटले म्हणून

परंतु शब्द आणि अंक सहा-आठ महिन्यांत सुटतात. खरी गाठ असते ती वागण्या-बोलण्याच्या रीतीत, कारण ती कोणी शिकवीत नाही. ती सर्वांना येतेच असे धरून चाललेले असते.

धारवाडकडच्या बोलण्यात आदराचा 'री' वाक्यावाक्याला येतो. 'हौद्री', 'बर्री', 'इल्लरी'. नवऱ्याशी, सासऱ्याशी, गिऱ्हाइकाशी, मास्तरांशी 'री'शिवाय बोलणे म्हणजे उद्धटपणा. आता कुणब्याच्या घरी पाहावे, तर आजीला 'तू', बापाला 'तू', गावच्या देवाला 'तू'. जवळीक तेवढी 'तू'त भरलेली. आपणही आईला आणि विठोबाला 'तू'च म्हणतो. ते मूल शाळेत येते, चार शब्द जुळवते आणि मोठ्या विश्वासाने गुरुजींना 'नीनु' म्हणते, म्हणजे 'तू'. मुलाने आपल्याकडून गुरुजींना आजीच्या शेजारी बसविलेले असते, आणि गुरुजींना वाटते याने आपला पाणउतारा केला. एका बाईंनी मला सांगितले, की पहिल्या वर्षी अशा 'नीनु'बद्दल त्या पोरांना उभे करीत. पुढे एका घरी त्या भाऊबीजेला गेल्या, तिथे म्हाताऱ्या सासऱ्याशी सून कशी बोलते ते ऐकले, आणि मग उभे करणे थांबले. 'नीवु' त्या आजही शिकवतात. परंतु शिक्षा म्हणून शिकवीत नाहीत. शाळेत येताना जसा धुतलेला सदरा घालावयाचा, तसा हा शब्द, असे त्या मुलांना सांगतात.

दुसरी गोष्ट लिंगाची. कन्नडाचा हिशेब सरळ आहे: पुरुष तो, बाई ती, बाकी सगळे ते. आपल्यासारखा तो आंबा, ती चिंच, ते केळे असा घोळ नाही. मराठी-कोकणी मुलांना हे सोपे जावे. पण कोकणीत लहान मुलीला 'चेडूं' म्हणतात आणि तिच्याविषयी बोलताना 'तें' वापरतात. आपणही 'ते पोर', 'ते लेकरू' म्हणतोच की. तेव्हा कुणब्याचा पोर आपल्या धाकट्या बहिणीविषयी शाळेत सांगतो, 'अदु बंतु', म्हणजे 'ते आले'. जनावर किंवा वस्तू आल्यासारखे! ऐकणाऱ्या परगावच्या शिक्षकाला वाटते, या लोकांत मुलींना काही किंमतच नाही. आणि तिथून पाच-सात कोसांवर, सुपारीच्या बागेतल्या हव्यक घरी, घरच्या बायकांविषयी बोलताना नपुंसकलिंगच चालते. त्यात तुच्छता नाही, उलट घरोबा आहे. व्याकरणावरून माणसांच्या मनाची परीक्षा करू जाणे किती धोक्याचे, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आणि सगळेच वेगळे असते असेही नाही. निरोप घेताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आमच्या बडोद्यात 'आवजो' म्हणतात. कन्नड माणूस म्हणतो, 'होगि बर्तेनि', जाऊन येतो. पहिल्या आठवड्यात शाळा सुटताना हे एक वाक्य जुळले, की मुलांचे चेहरे खुलतात, असे त्या बाईंचे म्हणणे. अक्का, अण्णा, तूप हे आपले शब्दही कन्नडाच्या घरचेच. ज्या भाषेला परकी म्हणून मूल बिचकते, तिची भांडी त्याच्या चुलीवर आधीपासूनच असतात.

गप्प बसणारी मुले

शिक्षकांची सर्वांत मोठी तक्रार निराळीच होती: मुले बोलत नाहीत. एखादा मुलगा सहा-सहा महिने तोंड उघडीत नाही. हजेरीपटाशेजारच्या वहीत त्याच्या नावापुढे 'मंद' असा शेरा पडतो, आणि तो शेरा चौथी-पाचवीपर्यंत त्याचा पाठलाग करतो. पुढच्या शाळेचे अंतर वाढले की असली मुले आधी गळतात. या विषयात काय पणाला लागलेले आहे ते इथे कळते. एक शब्द चुकीचा ऐकला गेला तर हसून सोडून देता येते. एक मूल चुकीचे वाचले गेले तर ते आयुष्यातून उठते.

मी वर्गात पाहिले ते असे. गुरुजी केळे उंच धरून विचारतात, 'हे काय आहे?' शहरातली मुले एका सुरात ओरडतील. त्यांच्या आया त्यांना पाळण्यात असल्यापासून 'हा कोण? काऊ!' असे विचारीत आलेल्या असतात. वाडीवरचे मूल गुरुजींकडे टक लावून बघते. केळे समोर आहे, गुरुजींना ते दिसते आहे, मग विचारतात कशाला? त्याच्या घरी ज्याला ठाऊक नाही तोच विचारतो. शिवाय त्याचे शिकणे बघून बघून झालेले असते. आईमागे रानात जावे, ती वेल कशी ओळखते ते पाहावे, एक दिवस आपण होऊन कोयता उचलावा. तोंडी परीक्षा तिथे नसते. येत नाही तोवर गप्प राहणे, आणि आले की करून दाखविणे, ही त्याची रीत. पुरते येण्याआधीच चारचौघांत बोलून दाखविणे त्याला हावरेपणाचे वाटत असावे.

हे काही एकट्या जोयड्यातले नव्हे. अमेरिकेत शर्ली ब्राइस हीथ यांनी कॅरोलायना प्रांतातल्या दोन कष्टकरी वस्त्यांत वर्षानुवर्षे राहून एक ग्रंथ लिहिला. तो १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या कृष्णवर्णी वस्तीतल्या मुलांना असाच अनुभव आला होता: उत्तर माहीत असूनही प्रश्न विचारणारे मोठे माणूस त्यांनी शाळेतच पहिल्यांदा पाहिले. सुसान फिलिप्स यांनी त्याच सुमारास ओरेगॉनमधील वॉर्म स्प्रिंग्ज येथील मूळ रहिवाशांच्या मुलांविषयी लिहिले. वर्गात एकेकट्याने उभे राहून बोलताना मुकी होणारी ती मुले, चौघांत मिळून काम करावयाचे असले म्हणजे मोकळी होत. काळी नदीच्या काठावरचा गुरुजी यांतले काही वाचून नसतो. पण तोच शोध त्याला स्वतःच्या वर्गात लागू शकतो.

कंदांची वही

तो कसा लागतो, हेही मला पाहावयास मिळाले. वर ज्यांच्या हत्तीची गोष्ट सांगितली, त्या गुरुजींपाशी एक जाड वही आहे. डाव्या बाजूला मुलाचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. पाणी हे पुस्तकात 'नीरु', कुणब्याच्या घरी 'उदक', गवळ्याच्या घरी 'पाणी'. सात-आठ वर्षांत वही भरत आली आहे आणि तिची निम्मी भर मुलांनी घातली आहे.

थंडीच्या दिवसांत कंदांचे वेल वाळतात आणि खणणी सुरू होते. जोयड्याच्या कुणब्यांची या विद्येत मोठी ख्याती. अलीकडच्या वर्षांत जोयड्यास कंदमुळांचा मेळाही भरू लागला आहे. मुडली, कोन, कणगे, सुरण अशा नाना जाती तिथे मांडतात. गुरुजींनी एके दिवशी मुलांना सांगितले, घरचा एकेक कंद घेऊन या. कन्नडात या सगळ्यांना 'गड्डे' हा एक शब्द भागतो; आपल्या गड्ड्याचाच तो भाऊ. आणि जीभ जरा घसरली की 'गद्दे' होते, म्हणजे भातखाचर. मुलांनी मांडलेल्या प्रत्येक कंदाला मात्र स्वतंत्र नाव होते. कुठला भाजावयाचा, कुठला उकडावयाचा, कुठल्याने घसा खाजतो आणि त्याला आंबट काय घालावे, हे सांगताना जो मुलगा सहा महिने मुका होता त्यालाच थांबवावे लागले. तो आपल्या बोलीत सांगे, दुसरा थोडी कन्नड आलेला मुलगा ते कन्नडात करी, गुरुजी फळ्यावर लिहीत आणि मुले ते उतरून घेत. त्या दिवशी वर्गाला जे वीस-पंचवीस कन्नड शब्द आले ते पक्के आले. कारण सांगण्यासारखे काही आधी मुलांपाशी होते, शब्द मागाहून आले.

सरकारी योजनेचे पाठबळही अशा शिक्षकाला मिळू शकते. १९९० च्या दशकात म्हैसूरजवळच्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यातल्या आदिवासी भागात 'नलि-कलि', म्हणजे आनंदाने शिक, ही पद्धत सुरू झाली आणि २००९ पासून ती राज्यभर पोहोचली. पहिली ते तिसरीची मुले एकत्र, गटागटाने, पत्त्यांसारखी कार्डे घेऊन, आपापल्या चालीने शिकतात. पद्धत उत्तम, पण कार्डावर कापूस आहे की कंद, आणि कार्ड दाखविणाऱ्याला दोन्ही ठाऊक आहेत की नाही, यावर सारे अवलंबून.

अडचणी कोणी नाकारू नयेत. पंधरा मुलांच्या वर्गात चार घरभाषा असल्या तर शिक्षकाने कुठली धरावी? त्यांत त्याची बदली झाली की त्याने जमविलेले शब्द त्याच्याबरोबर जातात. आणि पालकांचेही म्हणणे ऐकावयास हवे. एक कुणबी बाप मला म्हणाला, 'आमची बोली घरी आहेच हो. तिच्यासाठी शाळा कशाला? कचेरीत साहेब कन्नड बोलतो, ते पोराला येऊ दे.' त्याचे काय चुकले? गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींत स्थान मिळाले. घाटावरचे त्यांचे भाऊबंद तीच मागणी वर्षानुवर्षे करीत आले आहेत. ज्याला कचेरीच्या दारात असे उभे राहावे लागते, त्याला कचेरीची भाषा हवीच. घरची बोली वर्गात आणावयाची ती कन्नडला अडविण्यासाठी नव्हे. कन्नडपर्यंत पोहोचण्याचा तोच जवळचा रस्ता आहे म्हणून.

आपला इतिहास, आपला वाटा

हे वाचताना एखाद्या मराठी वाचकाच्या मनात येईल, की मग त्या मुलांना मराठी शाळाच द्यावी म्हणजे झाले. मराठी घरातल्या मुलांना ती मिळावी, हे न्याय्यच आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे घटनेचे ३५० अ हे कलम १९५६ पासून सांगत आहे. पण कुणब्याच्या उदकाला पाणी म्हणावयास लावणारी मराठी शाळाही त्याला परकीच. कोकणीला १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळाली. तिच्यावर मालकी सांगण्याची घाई आपण करू नये.

आणि हाच खेळ उलट्या बाजूनेही एकदा झालेला आहे. १९ व्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्यातील धारवाड-बेळगावकडे कन्नड मुले मराठी शाळांत बसत, कारण कचेरीची आणि शाळेची भाषा मराठी होती. डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्यांनी खटपट करून तिथे कन्नड शाळा उभ्या केल्या. धारवाडच्या ज्या गुरुजींना आज हत्तीचे चित्र बघून हसू येते, त्यांच्या पणजोबांनी कदाचित मराठी फळ्याकडे असेच टक लावून पाहिले असेल. तेव्हा या प्रश्नात एक भाषा दोषी आणि दुसरी निर्दोष, अशी वाटणी होत नाही.

आपल्याकडे चांगली उदाहरणे नाहीत असेही नाही. सयाजीराव महाराज मराठी. पण १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात त्यांनी सक्तीचे शिक्षण सुरू केले, तेव्हा गुजराती प्रजेच्या मुलांना गुजरातीतच शिकविले. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर गुजरातीत बालशिक्षणाचे काम करून मग ठाणे जिल्ह्यात बोर्डीला, आणि पुढे १९५७ साली कोसबाडला गेल्या. वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी पालकांना दोष दिला नाही. शाळाच पाड्यावर नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणावर नेली आणि तिला 'कुरणशाळा' हे साधे नाव दिले. अनुताई वाघ यांनी ते काम पुढे चालविले. आणि आपल्याच शहरात, महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंग्रजी शिकविणाऱ्या गणेश देवी यांनी १९९६ साली 'भाषा' ही संस्था काढली, तेजगडला आदिवासी अकादमी उभी केली आणि आदिवासींच्या बोली आदिवासींकडूनच लिहवून घेतल्या. पुढे तेही धारवाडला राहावयास गेले.

या सर्वांत समान धागा एकच दिसतो. दुसऱ्याच्या मुलाला आपली भाषा शिकवू पाहणाऱ्याने आधी त्या मुलाच्या घरी विद्यार्थी व्हावे. फार नको, पन्नास शब्द, चार रीती, आणि मूल गप्प का बसते ते ओळखण्याइतका धीर. जोयड्यासारख्या ठिकाणी नव्या शिक्षकाला हजर होतेवेळी त्या गावच्या शब्दांची अशी एखादी वही हाती मिळाली, आणि बदली होताना ती पुढच्याच्या हाती देण्याचा शिरस्ता पडला, तर फार मोठा खर्च येणार नाही. आज ती वही एका माणसाच्या कपाटात आहे.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत, गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे'. कन्नडात दोहोंना मिळून 'नावु' हा एकच. 'नम्म शाले' म्हणजे 'आमची शाळा'ही आणि 'आपली शाळा'ही. जोयड्याची मुले रोज सकाळी गुरुजींच्या मागून ते शब्द मोठ्याने म्हणतात. त्यांतला कुठला अर्थ त्यांच्या मनात आहे, हे कन्नड व्याकरणावरून कळावयाचे नाही. त्यासाठी त्यांच्या वाडीपर्यंत चालत जावे लागेल.